ओल्या लोकरीचा वास

पोलिओतून उठलेल्या अमेरिकेतल्या कितीतरी माणसांनी आपल्या आठवणींत एका वासाबद्दल लिहिले आहे. भिजलेल्या लोकरीचा वास. १९४० च्या दशकात ही माणसे लहान मुले होती आणि इस्पितळात पडून होती. आज त्यांतली जी आहेत ती ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. पण ओले लोकरीचे कापड नाकाशी आले की मधली सगळी वर्षे गळून पडतात आणि ती खोली पुन्हा समोर उभी राहते, असे त्यांतल्या बऱ्याच जणांचे सांगणे.

त्या खोलीत काय चाले? लोकरीची ब्लँकेटे कापून त्यांचे तुकडे केलेले असत. पोटरीसाठी वेगळा, मांडीसाठी वेगळा, पाठीसाठी वेगळा. ते उकळत्या पाण्यातून काढायचे आणि कपडे पिळायच्या यंत्रातून एकदा नव्हे, दोनदा पिळायचे. पाण्याचा थेंबही राहता कामा नये, कारण कातडी भाजते ती त्या थेंबाने, लोकरीच्या वाफेने नव्हे. मग तो तुकडा आखडलेल्या स्नायूभोवती गुंडाळायचा, सांधा मात्र मोकळा ठेवायचा. त्यावर मेणकापड, त्यावर पुन्हा कोरडी लोकर. निवले की दुसरा तुकडा. दिवसभर हेच. मुले रडत, आणि काही वेळाने त्यांच्या दुखण्याची कळ कमी होई.

आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यात नवे वाटणार नाही. शेक देणे ही काही शोध लावण्याची गोष्ट आहे का, असेच ती म्हणेल. पण या शेकासाठी आणि त्यानंतरच्या कामासाठी एका बाईने चाळीस वर्षे जगाशी भांडण केले. त्यांचे नाव एलिझाबेथ केनी. १९५१ साली अमेरिकेतल्या गॅलप पाहणीत लोकांनी सर्वात आदरणीय स्त्री म्हणून त्यांची निवड केली आणि एलेनॉर रूझवेल्ट यांना मागे टाकले. आज त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्यातले चार दिवस वेगवेगळ्या शाळांतून फिरून अपंग मुलांना तपासते, शिकवते. तिलाही केनी म्हटल्यावर पाठ्यपुस्तकातली एखादी ओळ तेवढी आठवली. म्हणून हा लेख.

एलिझाबेथचा जन्म २० सप्टेंबर १८८० चा, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स प्रांतातल्या वॉरियाल्डा गावचा. बाप आयर्लंडहून आलेला शेतकरी. घर एका गावी टिकले नाही, त्यामुळे शाळाही टिकली नाही. खेड्यातल्या छोट्या शाळांत जमले तेवढे शिक्षण झाले. शेवटी कुटुंब क्वीन्सलंडमध्ये नॉबी नावाच्या गावी स्थिरावले. ऐन तारुण्यात तिचे मनगट मोडले, म्हणून तिला टूवूंबा या मोठ्या गावी डॉक्टर एनियस मॅक्डॉनेल यांच्याकडे नेले. हात बरा होईपर्यंत तिने डॉक्टरांची शरीररचनेची पुस्तके चाळली, सांगाडा पाहिला. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, याचे वेड तिला तिथे लागले. मॅक्डॉनेल आयुष्यभर तिचे सल्लागार राहिले. अशी एखादी ओळख माणसाला मिळाली की बाकीचे पुष्कळ नसले तरी चालते.

पुढे ती नर्स झाली. झाली म्हणजे काय, तर कामाला लागली. रीतसर शिक्षण घेतल्याची, नोंदणी केल्याची कुठेही नोंद नाही. घोड्यावर बसून ती वाड्यावस्त्यांवर जाई, बाळंतपणे करी, आजारी माणसांजवळ बसे, पैसे घेत नसे. मी सारी हयात बँकेत काढली. ज्याच्याजवळ कागद नाही असा माणूस समोर आला की आमचा हात आपोआप आखडत असे. केनीबाई माझ्या टेबलासमोर आल्या असत्या तर मीही अर्जासोबत प्रमाणपत्राची प्रत मागितली असती, आणि त्यांच्याजवळ ती नव्हती. ही उणीव त्यांना शेवटपर्यंत नडली.

१९११ साली एका दूरच्या वस्तीवर त्यांना एक लहान मूल दिसले. हातपाय वेडेवाकडे आखडलेले, स्पर्श केला तरी किंचाळणारे. त्यांनी मॅक्डॉनेलना तार केली. उत्तर आले की हा बालपक्षाघात दिसतो, त्यावर उपाय माहीत नाही, दिसेल त्या लक्षणावर जमेल ते करावे. बाईंना ते दुखणे दिसत होते, आखडणे दिसत होते. त्यांनी गरम कापडाचा शेक दिला. कळ थांबल्यावर त्या हलक्या हाताने हातपाय हलवू लागल्या. ते मूल आणि त्याच सुमारास आलेले आणखी काही रुग्ण बरे झाले. हा प्रसंग बाईंनी आत्मचरित्रात फार रंगवून लिहिला आहे. मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे कुठे रंग चढला आहे ते मला जरा लवकर कळते. पण गाभा खोटा नसावा. अज्ञानाचा इथे त्यांना उपयोगच झाला. या रोगात पायाला फळ्या बांधतात हे त्यांना माहीतच नव्हते, म्हणून त्यांनी त्या बांधल्या नाहीत.

मग महायुद्ध आले. १९१५ मध्ये मॅक्डॉनेलच्या एका पत्राच्या बळावर त्या सैन्याच्या परिचारिका दलात शिरल्या. जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर त्यांनी काम केले. १९१७ मध्ये त्यांना बढती मिळून त्या ‘सिस्टर’ झाल्या. सिस्टर म्हणजे इथे जोगीण नव्हे, ती परिचारिकांतली वरची पायरी. हे एकच बिरुद त्यांनी प्रत्यक्ष कमावलेले होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत नावामागे लावले. लग्न केले नाही, मेरी नावाची मुलगी दत्तक घेतली. नांगराखाली सापडलेल्या शेजारच्या एका मुलीला इस्पितळात नेताना त्यांना एक स्ट्रेचर सुचले. ‘सिल्व्हिया’ नावाने त्याचे पेटंट १९२७ मध्ये घेतले. त्याचे पैसे येत राहिले, म्हणूनच पुढे रुग्णांकडून फी न घेण्याची चैन त्यांना परवडली.

१९३२ साली क्वीन्सलंडमधल्या टाउन्सव्हिल शहरात, एका हॉटेलाच्या मागच्या आवारात, त्यांचा दवाखाना सुरू झाला. वर छप्पर, खाली टेबले. तिथे येणारी मुले वर्षानुवर्षे कॅलिपर आणि कुबड्या वागवणारी, पोलिओची आणि सेरेब्रल पाल्सीची. म्हणजे ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी आता काही व्हायचे नाही असे सांगून टाकले होते अशी. बाई पहिल्यांदा कॅलिपर काढायला लावीत. इथेच ठिणगी पडली.

डॉक्टरांचे म्हणणे समजून घेतले पाहिजे, कारण ते मूर्ख नव्हते. पोलिओत काही स्नायू लुळे पडतात. त्यांच्या विरुद्ध बाजूचे निरोगी स्नायू मग एकतर्फी ओढत राहतात आणि हाड वाकडे होते. तेव्हा अवयव सरळ धरून फळ्यांत किंवा प्लास्टरमध्ये बांधून ठेवावा, म्हणजे लुळा स्नायू ताणला जाणार नाही. हे आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त. विचार म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त प्लास्टर काढल्यावर आत जे सापडे ते बारीक, ताठर, लाकडासारखे असे.

केनीबाई नेमके उलटे सांगत. जो स्नायू निरोगी वाटतो आहे, ओढतो आहे, तोच खरा आजारी आहे, तो आखडला आहे. आणि लुळा वाटणारा स्नायू मेलेला नाही, त्याची आणि मेंदूची फारकत झाली आहे. तो चालणे विसरला आहे. आधी शेक देऊन आखडलेला सैल करा, मग विसरलेल्याला पुन्हा शिकवा.

यातले निम्मे चूक होते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. मेलेली पेशी परत येत नाही, मग कितीही शेका. रोगाचे मूळ स्नायूत आहे असे बाई जवळजवळ शेवटपर्यंत धरून बसल्या आणि ते ऐकून डॉक्टर हसत. पण सगळ्याच पेशी मरत नाहीत. ज्या उरतात त्या आपले धागे फुटवून शेजारच्या अनाथ स्नायुतंतूंना सांभाळू लागतात, हे पुढे संशोधनाने दाखवले. आणि आखडणे खरे होते, कळ खरी होती, बांधून ठेवलेला अवयव वाळतो हेही खरेच होते. बाईंच्या हाताला जे कळले होते ते त्यांच्या तोंडाला सांगता येत नव्हते. सरकारने ब्रिस्बेनला डॉक्टरांपुढे त्यांचे प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा लोकांनी त्यांचे हात पाहिले नाहीत, भाषण ऐकले. टिंगल झाली. बाईंची जीभही काही कमी नव्हती.

त्यांच्या शिकवण्याकडे मात्र जरा थांबून पाहावे असे मला वाटते. कारण ती शाळाच होती. मूल टेबलावर आडवे. पलंगालाही पायाशी एक उभी फळी असे, तळवे तिला टेकलेले, म्हणजे उभे राहण्याची जाणीव पायांतून पुसली जाऊ नये. शिकवणारी बाई आधी स्वतः तो पाय हलवून दाखवी. मुलाने काहीच करायचे नाही, फक्त लक्ष द्यायचे. स्नायू हाडाला जिथे चिकटतो ती जागा बोटाने दाखवायची आणि मन तिथे न्यायला सांगायचे. मग हळूच, जोर न लावता, हलवून पाहायचे. मुले हुशार असतात. हवा तो स्नायू हलत नसला की दुसऱ्याच स्नायूने कंबर उचलून पाय हलवल्याचे सोंग आणतात. तसे दिसले की लगेच थांबायचे. चुकीचे वळण लागण्यापेक्षा धडा अपुरा राहिलेला बरा. मुलांना आपल्या स्नायूंची नावे पाठ होत.

हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती हसली. तिची मुले निराळी आहेत. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तिच्याकडे येतात ती सेरेब्रल पाल्सीची, स्नायू क्षीण होत जाणारी, कुठे पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेली. पण सोंग आणणे तेच, ओळखणे तेच. तिचे निम्मे काम तर व्यायामाचे नसतेच. बाकावर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतात का? टेकत नसतील तर खाली पाट ठेवा, कारण पाय लोंबकळत असले की धड डुगडुगते आणि अक्षर बिघडते. फळ्यापर्यंत जायला वाट आहे का? पायरीला धरायला गज आहे का? संडासाचे दार चाकाच्या खुर्चीला पुरते का? अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळेचा हक्क मिळाला आणि फिजिओथेरपी त्या शिक्षणाचा भाग ठरली. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हक्क कागदावरून वर्गात यायला मात्र पाट लागतो, गज लागतो आणि ते मागणारे कुणी तरी लागते.

माझ्या पिढीच्या प्रत्येक वर्गात एक तरी कॅलिपरवाला मुलगा असे. आमच्या वर्गातला कवायतीच्या तासाला लिंबाखाली बसायचा आणि आमच्या वह्या-दप्तरांची राखण करायचा. तो त्याच्यावरचा उपकार आहे असे शाळेला वाटे, आम्हालाही वाटे. ज्याला हालचालीची सर्वात जास्त गरज त्यालाच त्या तासाला बसवून ठेवायचे, यात काही विपरीत आहे असे कुणाच्या मनात आले नाही. आणि हे केनीबाई जाऊन वीसएक वर्षे झाल्यानंतरचे.

मुंबईत मात्र त्याच्याही आधी एका आईने ही वाट धरली होती. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधता शोधता १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना उघडला. पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरोग इस्पितळ उभे राहिले. भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम इस्पितळात निघाली, ती मुख्यतः याच रोगाच्या रेट्याने. त्या कहाणीवर वेगळा लेख व्हायला हवा.

केनीबाईंकडे परत येते. क्वीन्सलंड सरकारने डॉक्टरांचा एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३८ मध्ये आला आणि त्याने बाईंना झोडपून काढले. फळ्या सोडणे ही घोर चूक आहे, विशेषतः लहान मुलांत धोक्याची आहे, असा निष्कर्ष निघाला. पण आईबाप ऐकेनात. ज्यांची मुले बरी वाटत होती ते आमदारांकडे जात, वर्तमानपत्रांकडे जात. अहवाल हाती असूनही सरकारने बाईंना ब्रिस्बेनच्या इस्पितळात वॉर्ड दिला. तिथले वैद्यकीय अधीक्षक ऑब्री पाय यांनी १९३९ मध्ये सांगितले की बाईंचे रुग्ण लवकर सुधारतात आणि त्यांचे अवयव जास्त लवचीक राहतात. एवढे म्हणायलाही तेव्हा धैर्य लागत होते.

१९४० मध्ये ब्रिस्बेनच्या काही डॉक्टरांचे पत्र घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. वय साठीला टेकलेले. न्यूयॉर्कला दाद लागली नाही, शिकागोला लागली नाही. परतायची वेळ आली होती. मग मिनेसोटातल्या मिनिॲपोलिस शहरात वॉलेस कोल, माइलंड नॅप आणि जॉन पोल या डॉक्टरांनी त्यांना रुग्ण दाखवले. या तिघांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी भाषणाकडे दुर्लक्ष केले आणि हातांकडे पाहिले. १९४२ च्या डिसेंबरात त्या शहरात बाईंच्या नावाची संस्था उघडली. देशभरातून परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट शिकायला येऊ लागले, आणि दशक अर्धे सरेपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांतून पोलिओच्या मुलांच्या फळ्या गेल्या. ती संस्था पुढे दुसऱ्या एका संस्थेत मिळाली, पण केनी हे नाव तिच्यावर अजून आहे.

यश आले तरी भांडण थांबले नाही. मोठमोठ्या टोप्या घालणारी ही उंच, पांढऱ्या केसांची बाई व्यासपीठावरून डॉक्टरांना अडाणी ठरवी. आकड्यांच्या बाबतीत तिचा हात सैल होता. १९४४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या समितीने तिचे दावे फुगवलेले असल्याचा अहवाल दिला, आणि तो सगळाच अन्यायाचा होता असे मला वाटत नाही. १९४६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. रोझलिंड रसेलने बाईंचे काम केले, तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्यात डॉक्टर दुष्ट आणि बाई देवदूत. चित्रपटाला ते सोपे जाते. पण कागद नसलेल्या प्रत्येकाच्या हाती मुलांचे पाय सोपवायचे ठरवले तर दहांतले नऊ मोडून येतील, हे हाडवैद्याकडून आलेले हात पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. डॉक्टरांनी पुरावा मागितला यात चूक नव्हती. पुरावा टेबलावर पडलेला असताना त्यांनी तो उलगडून पाहिला नाही, ही चूक. त्या वर्षांत प्लास्टरमध्ये बांधलेली मुले मात्र वाढत होती. त्यांची ती वर्षे कुणाच्या खात्यावर मांडायची?

१९५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून बाईंना देशात केव्हाही, कसल्याही सोपस्काराशिवाय येण्याजाण्याची मुभा दिली. तोवर हात कापू लागले होते. पार्किन्सनचा विकार. दुसऱ्याच्या स्नायूंना आयुष्यभर वळण लावणाऱ्या बाईंचे स्वतःचे स्नायू ऐकेनासे झाले. १९५१ मध्ये त्या टूवूंबाला परतल्या.

१९५२ हे अमेरिकेतल्या पोलिओचे सर्वात वाईट वर्ष ठरले. सत्तावन्न हजारांहून अधिक रुग्ण. वॉर्डावॉर्डांतून लोकर उकळत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरने आपले प्रयोगावस्थेतले औषध विमानाने ब्रिस्बेनला पाठवले, तिथून ते मोटारीने टूवूंबाला आणले, २९ तारखेला दिलेही. उशीर झाला होता. ३० नोव्हेंबरला त्या गेल्या. साल्क यांची लस यशस्वी झाल्याचे जाहीर व्हायला अजून अडीच वर्षे होती. बाईंना नॉबीच्या स्मशानभूमीत नेले आणि आईच्या शेजारी पुरले.